उत्तमचा दुसरा चॅनल

उत्तम गेल्याची बातमी मला साऊंड भाड्यानं मागायला आलेल्या फोनवर कळली. पाटोद्यात माझं मंडप आणि साऊंडचं दुकान आहे, त्यामुळे सकाळी फोन वाजला की समोर गिऱ्हाईकच असणार असं मी धरून चालतो. त्या दिवशी गायक नामदेव बोलत होता. "रविवारी साऊंड पाहिजे आण्णा. स्पीकरचे दोन कॉलम, एक माईक." मी विचारलं, कार्यक्रम कसला? "जलदान विधी हाय," तो म्हणाला. मयताचा कार्यक्रम, तरी मी लगेच सुरू झालो... रविवारी दोन लग्नं आहेत, जनरेटर वेगळा पडेल, माझा माणूस दिवसभर अडकून पडेल. सवयच तशी. सगळं सांगून झाल्यावर विचारलं, "कुणाचा?" नामदेव म्हणाला, "तुमाला कुणीच सांगितलं न्हाई का? उत्तमदादाचा."

त्याला जाऊन पाच दिवस झाले होते. त्याचं गाव माझ्या दुकानापासून मोटारसायकलवर वीस मिनिटांच्या अंतरावर. माझ्याकडे सगळ्या तालुक्यातली लग्नं, बारशी आणि भांडणं पोचतात, आणि ही एक गोष्ट पाच दिवस पोचली नाही. खरं लिहायचं तर मला आधी राग आला, दुःख नंतर. आता दीड महिना होऊन गेला, तरी त्या दोघांतलं कुठलं मोठं, हे मला नीट सांगता येत नाही.

उत्तम गावच्या सहकारी दूध सोसायटीत दुधाची फॅट काढायचा. चेअरमनच्या घरची कॅन असो की एका म्हशीवर जगणाऱ्या म्हातारीची चरवी, यंत्रात दिसेल तो आकडा मोठ्यानं सांगायचा आणि वहीत लिहायचा. एकदा चेअरमनचा भाऊ म्हणाला, "उत्तम, जरा नीट बघ की." हा म्हणाला, "नीट बघितलं म्हणूनच एवढी निघाली, दादा." लोक हसले, भाऊसुद्धा हसला. उत्तमच्या बोलण्यात धार नसायची. तो फक्त दिसेल ते सांगायचा. ही गोष्ट मी मुद्दाम आधी सांगतोय, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यापाशीच आहे.

संध्याकाळी तो नामदेवच्या पार्टीत भीमगीतांना गिटार वाजवायचा. औरंगाबादला होस्टेलात शिकत असताना ते खूळ त्याला लागलं होतं. हार्मोनियम, ढोलकी, झांज आणि मधेच ही गिटार... लोक आधी बघायचे आणि मग ऐकायचे. साऊंड माझा असायचा. मी सायकलला दोन कर्णे बांधून धंदा सुरू केलेला माणूस. कुणी शिकवलं नाही, कुणी हात दिला नाही. उत्तम गिटारची वायर माझ्या मिक्सरला लावायचा आणि प्रत्येक वेळी म्हणायचा, "आण्णा, तुझ्या मशिनीत माझी गिटार पत्र्यावर खडे पडल्यावानी वाजती." मी म्हणायचो, "मग नको वाजवू." अशी आमची दोस्ती होती.

मग तो दुष्काळ आला. जनावरं छावणीत गेली, दूध आटलं आणि सोसायटीला कुलूप लागलं. छावणीत चाऱ्याचे नंबर पुकारायला माझाच लाऊडस्पीकर होता. उत्तम तिथं येऊन माझ्या शेजारी बसायचा. एक दिवस म्हणाला, "सोसायटीनं शेवटचा पगार हातात ठिवला. सुमन म्हणती, आता तरी तुमची मशीन घ्या, काहून आयुष्यभर आण्णाच्या मिक्सरला लटकता?" सुमन त्याची बायको. नगरला साळवे सर म्हणून एक म्हातारे गिटारवादक होते. हॉटेलांत, लग्नांत आयुष्य घालवून आता बोटं आखडली म्हणून सामान विकत होते. त्यांच्याकडे काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारी दोन हेडं होती. हेड म्हणजे गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरचा नुसता वरचा भाग, आवाज घडवणारा. स्पीकरची पेटी खाली वेगळी. एक हेड एका चॅनलचं होतं, दुसरं दोन चॅनलचं. दोन चॅनलचं म्हणजे काय, तर पायानं एक बटण दाबलं की स्वच्छ आवाजाचा फाटका आवाज होतो. मी कपाळावर हात मारला. लोकांचा आवाज फाटू नये म्हणून माझं निम्मं आयुष्य गेलं, आणि याच्या मशिनीत तो मुद्दाम फाडायची सोय!

साऊंडच्या आधी मी सहा वर्षं बैलबाजारात एका दलालाच्या हाताखाली होतो. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवायला मी तिथं शिकलो, आणि दुसरीही एक गोष्ट शिकलो. जो बैल घ्यायचा त्याला नावं ठेवायची. शिंगं बघून तोंड वाकडं करायचं, चाल बघून मान हलवायची. आणि जो घ्यायचा नाही, त्याच्या पाठीवरून हात फिरवून वा वा म्हणायचं. समोरचा गडबडतो. नगरला जाताना जामखेडला चहा घेतला, तेव्हा हे मी उत्तमला पढवलं. "जे आवडंल त्याला नावं ठिव. जे नको त्याचं कौतुक कर. बाकीचं माझ्यावर सोड."

"मला न्हाई जमायचं खोटं बोलाया," तो म्हणाला.

"दोन वाक्यं बोलायचीत बे. भाषण न्हाई करायचं."

"बरं," तो म्हणाला आणि बशीतला चहा पीत राहिला. त्या 'बरं'चा अर्थ काय, हे मी तेव्हा विचारलं नाही.

साळवे सरांचं घर साधं, स्वच्छ होतं. त्यांनी आधी आम्हाला पाणी दिलं, मग एका हेडचं पहिलं बटण दाबलं. मी म्हणालो, "वाजवा की." ते म्हणाले, "थांबा. आत काचा आहेत. तापू द्या, मग दुसरं बटण." पत्र्याच्या जाळीमागं व्हॉल्व्ह हळूहळू लाल होत गेले. मी घड्याळ बघत होतो, उत्तम ते लाल होणं बघत होता. मग त्यानं एका चॅनलच्या हेडवर वाजवलं, डोळे मिटून, बराच वेळ. हात थांबल्यावर म्हणाला, "हे लई चांगलं हाय, सर." मग दोन चॅनलच्या हेडवर बसला. आधी स्वच्छ आवाज वाजवला. मग पायानं बटण दाबलं आणि एकच सूर ओढला. तो सूर संपेचना. उत्तम दचकला, त्यानं तारांवर हात ठेवून तो बंद केला. गिटार मांडीवरून खाली घेत म्हणाला, "हे लई जड हाय. आन ह्यो दुसरा आवाज आपल्या कार्यक्रमात चालायचा न्हाई."

मला काय आनंद झाला! गडी पढवल्याप्रमाणे तंतोतंत बोलला होता. मी दोन चॅनलच्या हेडला चिकटलो. वाजवणाराच जड म्हणतोय, दुसरा आवाज आम्हाला बिनकामाचाच, पेटीचा कोपरा चेपलाय... दोनदा उठून टेंपोपर्यंत गेलो, दोनदा परत आलो. उत्तमनं एकदा माझी बाही ओढली. मला वाटलं, हा घाबरला, जास्त ताणू नको म्हणतोय. मी त्याचा हात झटकला. शेवटी साळवे सर वैतागून म्हणाले, "तुम्ही गाण्याची माणसं आहात की बैल घ्यायला आलात?" पण मी म्हटलेल्या किमतीला त्यांनी ते दिलं. एवढा चांगला सौदा मी त्याआधी केला नव्हता, नंतरही नाही.

परतीच्या वाटेवर उत्तम टेंपोच्या हौद्यात हेडजवळ बसला, त्याला गोधडीत गुंडाळून, दोन्ही हातांनी धरून. जामखेडला मी विचारलं, "खूश ना?" तो म्हणाला, "खूश." आणि थोड्या वेळानं... "तू लई भांडलास माझ्यासाठी."

त्यानंतर दहा-बारा वर्षं ते हेड प्रत्येक कार्यक्रमात माझ्या टेंपोतून आलं. उत्तम स्टेजवर चढला की पहिलं बटण दाबायचा आणि हाताची घडी घालून उभा राहायचा. नामदेव खोकायचा, आयोजक ओरडायचे, मी मिक्सरमागून हात हलवायचो. हा म्हणायचा, "तापू दे." मग दुसरं बटण. गिटार खरंच बदलली होती, खडे गेले होते. पण दुसरा चॅनल त्यानं कधी लावला नाही. एकदाही नाही. पायाचं ते बटण तो घरीच ठेवायचा. मी ज्याच्यासाठी भांडलो ते अर्धं यंत्र यानं वापरायचंच नाही, हे मला टोचू लागलं. विचारलं की म्हणायचा, "बघू." मला वाटायचं, हा माझ्या सौद्याचा अपमान करतोय. आता वाटतं... पण ते पुढं सांगतो.

चार वर्षांपूर्वी मांजरसुंब्याला मोठा कार्यक्रम होता. गर्दी रस्त्यापर्यंत गेली होती, नामदेवचा आवाज लागला होता, आणि दोन कडव्यांच्या मधे उत्तम एकटाच वाजवत होता. तो असा वाजवत होता की मला राहवेना. त्या दिवशी त्यानं पायाचं बटण आणलं होतं. कशासाठी आणलं होतं कुणास ठाऊक, पण त्याच्या पायाशी ते मला दिसत होतं. मी समोरचा माईक उचलला आणि म्हणालो, "दुसरा चॅनल लाव की बे! शोभेला घेतलाय काय?" मला वाटलं होतं तो माईक फक्त स्टेजवर ऐकू जातो. तो सगळ्या कॉलममधून गेला. हजार माणसं हसली. उत्तमनं गाणं पूर्ण वाजवलं, हेड बंद केलं, वायर गुंडाळली आणि खाली येऊन माझ्या हाताखालच्या पोरांसमोर म्हणाला, "आवाज कुठला ते मी ठरवीन, आण्णा. तू त्यो फकस्त मोठा कर."

ज्याच्यासाठी नगरला घसा फोडला, त्यानं मला नोकरासारखं सुनावलं. मी बोलणं तोडलं. नामदेवच्या पार्टीला साऊंड देणंही बंद केलं. चूक माझी होती, हे माईकपुरतं मी मान्य करतो. बाकीचं अजून करत नाही. तो जायच्या चार-पाच महिने आधी एकदा दुकानात आला होता. मी आत गोदामात होतो. माझ्या माणसानं येऊन सांगितलं, मी हातानंच नाही म्हणालो. बाहेरून उत्तमचा आवाज ऐकू आला, "तापलाय का अजून? बसतो मग जरा." अर्धा तास बसला. मग उठून गेला. कशाला आला होता, ते कुणाला सांगून गेला नाही. तो अर्धा तास मी आत वायरी मोजत बसलो होतो.

जलदान विधीला साऊंड मी स्वतः घेऊन गेलो. पंधरा दिवसांनी सुमनवहिनींचा निरोप आला. मी गेलो, तर खोलीत तेच हेड, स्पीकरच्या पेटीवर ठेवलेलं, वर घडी घातलेला टॉवेल. वहिनी म्हणाल्या, "भाऊ, हे तुमीच इकून द्या. भाव तुमालाच कळतो. युसूफ वडगाव गावचा बँडवाला यायलाय बघायला."

मी धीर करून विचारलं, "वहिनी, त्याला नगरला ह्येच पाहिजे होतं ना? का दुसरं?"

वहिनी म्हणाल्या, "मला काय ठावं? आणलं त्या दिवशी एवढंच म्हनले, आण्णा लई भांडला. मी म्हनलं, पसंत हाय ना? तर हसले."

"आणि दुसरा चॅनल? घरी वाजवायचा?"

"आमी असताना तर न्हाई. आमी रानात जायचो दिवसभर."

मी पहिलं बटण दाबलं. थांबलो. काचा लाल झाल्या, मग दुसरं दाबलं. साऊंडवाल्याला एक गोष्ट पक्की माहीत असते. यंत्रावरची आवाजाची जी खुंटी वर्षानुवर्षं कुणी फिरवलेली नसते, तिच्यात धूळ बसते आणि फिरवली की स्पीकरमधून खरखर येते. पायाचं बटण दाबून मी दुसऱ्या चॅनलची खुंटी हळूच फिरवली. खरखर आली नाही. शेवटपर्यंत फिरवली, परत आणली... काहीच नाही. लोण्यातून फिरावी तशी फिरत होती. म्हणजे ती कुणीतरी फिरवत होतं. दुपारी, रिकाम्या घरात, एकटं. मग लोकांसमोर का नाही? मांजरसुंब्याला बटण आणलं होतं, ते लावणारच होता का? मी ओरडलो नसतो तर लावलं असतं? आणि नगरला 'चालायचा न्हाई' म्हणाला, ते माझ्या शिकवणीप्रमाणे, की दूध बघून फॅट सांगावी तसं? मला खरंच कळत नाही. आयुष्यभर समोरच्याच्या मनातलं ओळखून पोट भरलं, आणि ह्या एका माणसाचा मला थांग लागला नाही.

बँडवाला आला तेव्हा हेड चालूच होतं. भला माणूस होता, वयानं माझ्याएवढा. त्यानं वाकून जाळीतून आत बघितलं, हात पुसून मग पेटीवर ठेवला. "कसं हाय, आण्णा? तुमीच घेऊन दिलतं म्हणतात. खरं सांगा."

विकायच्या मालाचं कौतुक करायचं असतं. वहिनी दारात उभ्या होत्या. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "लई जड हाय. आन ह्यो दुसरा आवाज तुमच्या कार्यक्रमात चालायचा न्हाई."

बँडवाला गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. मी खरं बोललो की शिकवलेलं बोललो, ते मलाही समजलं नाही. वहिनी चहा टाकायला आत गेल्या. बँडवाल्यानं मग विचारलं, एकदा वाजवून तरी बघू का... त्याचा हात दुसऱ्या बटणाकडे गेला, ते आधीच दाबलेलं होतं, काचा केव्हाच्या लाल झाल्या होत्या.

"थांबा," मी म्हणालो. "तापू द्या अजून."