बारावे चित्र आणि पॅसेजची फरशी

नोव्हेंबर २००१, गुरुवार, दुपारचा एक. स्थळ: दुबईतल्या ऊद मेथा भागातले एक प्रदर्शन सभागृह. हजर: मी (सभागृहाचा सुरक्षा अधिकारी), मूळच्या पुण्याच्या व्यवस्थापिका, स्टोअरकीपर, आणि सामान उतरवणारा रत्नागिरीकडचा एक कामगार, वय चाळिशीचे. गैरहजर: एक चित्र.

पोलीस खात्यातून निरीक्षक म्हणून स्वेच्छानिवृत्ती घेऊन मी इथे आलो होतो. वर्दी उतरली, डायरी सुटली नाही. तिचे त्या दिवसाचे पान उघडले की आजही बसल्या जागेवरून उठावेसे वाटते.

एका कोरियन चित्रकर्तीच्या बारा चित्रांचे प्रदर्शन पाचला उघडणार होते. चित्रांत माणूस नाही, झाड नाही. नुसते चौकोन, पट्टे, त्रिकोण. अकरा भिंतीवर चढली. बारावे सापडेना.

स्टोअरकीपरने मला बाजूला घेऊन खबर दिली, "साब, सुबह वो रत्नागिरीवाला एक पेंटिंग उठाके बाहर गया. मैंने देखा."

व्यवस्थापिकांनी मुदत घातली. "चारपर्यंत चित्र मिळालं नाही, तर मी पोलिसांत कम्प्लेंट देणार." तसे झाले असते तर कंपनीने त्या माणसाचा व्हिसा रद्द करून त्याला विमानात बसवले असते.

मी जबाब घ्यायला बसलो.

"किती उतरवलीस?"

"बारा. अकरा हॉलात ठेवली. जागा संपली, म्हणून एक पॅसेजमध्ये भिंतीला टेकवलं."

"पॅसेज मी पाहिलाय. तिथं काही नाही."

"मग मी काय गिळलं ते? मुहैस्नाच्या लेबर कॅम्पात एका खोलीत आम्ही दहा जण, साहेब. माझी बॅग ठेवायला जागा नाही. चित्र टांगू कुठे?"

खोटे बोलणारा तपशील वाढवत जातो. हा चिडत होता. तरी मी त्याला बसवून ठेवले. खबर ताजी होती आणि दुसरा संशयित नव्हता.

अडीच वाजता कॅटलॉग हातात घेऊन मी पुन्हा पॅसेजमध्ये गेलो. तिथे नवी फरशी बसवणे चालू होते. मघाशी जेवणाची सुट्टी होती आणि फरशीवर जाड पुठ्ठे अंथरलेले होते. आता साताऱ्याकडचा मिस्त्री ते उचलत होता.

"ओ साहेब, पाय मागं! वली हाय अजून!"

मी खाली पाहिले. काळा चौकोन, दोन पिवळे पट्टे, कोपऱ्यात लाल त्रिकोण. कॅटलॉगचे बारावे पान उघडले. तेच! अगदी तेच!

"मिस्त्री, हे डिझाइन कुठलं?"

"कुठलं म्हंजी? सॅम्पल बोर्डावरचं. इंजिनियर काल म्हनला, सकाळी बोर्ड पॅसेजमध्ये ठिवतो, यल्ला, काम सुरू करा. आलो तर भितीला लावल्यालाच हुता."

"कुठाय तो बोर्ड?"

त्याने हत्यारांचे कपाट उघडले. आत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले बारावे चित्र! एक डाग नव्हता.

"सिमीट उडंल म्हनून झाकून ठिवलं. पर काढनाऱ्याचा हात चुकलाय बगा. ही एक पिवळी पट्टी जरा तिरकी हुती. म्या सरळ घेतली."

खरा सॅम्पल बोर्ड इंजिनियरच्या गाडीतच राहिला होता. मी चित्र घेऊन जवळजवळ पळतच हॉल गाठला. तीन वाजता ते भिंतीवर होते.

चारला चित्रकर्ती आल्या, साठीच्या, बारीक चणीच्या. हकिगत ऐकून त्यांनी चपला हातात घेतल्या, पॅसेजच्या कडेला उकिडव्या बसल्या आणि सरळ केलेल्या पट्टीकडे पाहून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"त्या म्हणतात, ती पट्टी तिरकी ठेवायचं ठरवायला त्यांना महिना लागला," व्यवस्थापिकांनी सांगितले.

मिस्त्रीने हात जोडले. "आन् म्या तिरकी बसवली असती तर इंजिनियरनं मला उभा कापला असता!"

या गडबडीत रत्नागिरीकडचा कामगार माझ्याजवळ आला. "साहेब, सुटलो. पण कॅम्पात आता चोर म्हणतील. कंपनीच्या नावे दोन ओळी लिहून द्या."

"परवा देतो, इन्शाल्ला." दारात पाहुणे जमले होते.

शुक्रवारी सुट्टी. शनिवारी पत्र टाइप करून सही केली, तर त्याची टोळी अबुधाबीच्या साइटवर हलवलेली. नंतर त्याने नोकरी बदलली. पुढचा माग मला लागला नाही.

त्याने पहिल्याच जबाबात खरे सांगितले होते. मी भिंत तपासली, जमीन तपासली नाही. तेव्हापासून माणसाने जागा सांगितली की मी तिथे खाली-वर दोन्हीकडे पाहतो.

डायरीच्या त्या पानावर नऊ कामे आहेत. आठांवर टिक आहे. नववे काम, "पत्र पोचवणे". पत्र तिथेच घडी करून ठेवले आहे.