तास संपल्यावर उरलेलं गाणं

वडिलांनी नांदेडच्या दुकानातून एकेक करून घेतलेल्या कॅसेटी एका डब्यात असत. भूकंपात घराला तडे गेले, आम्ही पत्र्याच्या शेडात राहायला गेलो, तेव्हा धान्याच्या आधी त्यांनी तो डबा बाहेर काढला. आई त्यावरून कितीतरी दिवस बोलत होती.

मी बारावीला लातूरला क्लास लावला तोवर एमपीथ्रीच्या सीडी आल्या होत्या. बसस्टँडसमोर हातगाड्यावर एका सीडीत दीडशे गाणी मिळायची. नांदेडच्या त्या दुकानात मोबाइल विकायला लागले. वडिलांनीही एक सीडी आणली आणि डबा माझ्यापुढे सरकवला. "घे, सरांचे तास भर यात. आता कोण ऐकून राहिलंय हे?" विकतच्या कॅसेटवर दुसरं काही भरता येऊ नये म्हणून तिच्या कडेला भोकं असतात. त्यांवर चिकटपट्टी त्यांनीच लावून दिली.

सरांचा फिजिक्सचा तास कॅसेटपेक्षा थोडा लहान असे. "बाकीचं उद्या" म्हणून सर थांबले, की मी रेकॉर्डिंग बंद केल्याचं खट्ट व्हायचं आणि खालचं जुनं गाणं मधूनच सुरू व्हायचं. घरी मी ती कॅसेट लावून उजळणीला बसलो की वडील पेपर घेऊन शेजारी येऊन बसत. फिजिक्सशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. सीडी मात्र त्यांनी फारशी लावली नाही.

आता माझी मुलगी मोबाइलवर लेक्चर ऐकते. वडील आजही पेपर घेऊन तिच्या शेजारी बसतात. हवं ते गाणं त्याच मोबाइलवर लागेल, पण ते कधी लाव म्हणत नाहीत. लेक्चर संपलं की पेपरातून मान वर करतात. तेवढ्यात पुढचं लेक्चर आपोआप सुरू होतं.