शेवट तेवढे पाहिलेली आत्या

माझ्या आत्याने आयुष्यात शेकडो सिनेमे पाहिले, पण एकाचीही सुरुवात पाहिली नाही. ती थिएटरात झाडूवाली होती. खेळ संपायच्या जरा आधी झाडू, सुपली आणि बादली घेऊन मागच्या भिंतीला टेकून उभं राहायचं, दिवे लागले की रांगांमधून झाडत सुटायचं आणि पुढच्या खेळाची माणसं आत घुसायच्या आत बाहेर पडायचं, असं तिचं काम. त्यामुळे नायक कोण, खलनायक कोण, भांडण कशावरून पेटलं, याचा तिला पत्ता नसायचा. शेवटी कोण रडलं आणि कोणी कोणाला जवळ घेतलं, एवढंच तिला माहीत असायचं.

आणि हीच बाई रविवारी चर्चच्या मागच्या खोलीत मुलांची शब्बाथशाळा घ्यायची. मी त्याच शाळेत वाढले. भिंतीशी रचून ठेवलेल्या खुर्च्या, दोन पट्ट्या गेलेली पेटी आणि मधे चटईवर आम्ही. आत्या आधी सिनेमाचा शेवट सांगायची. "एक दाढीवाला म्हातारीच्या पायांवर डोकं ठेवून ढसाढसा रडत होता. म्हातारीने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. आता सांगा, शास्त्रातली कोणती गोष्ट?" आम्ही ओरडायचो, "उधळ्या पुत्राची!" पण ज्यांनी तो सिनेमा पाहिलेला असायचा ती कार्टी गप्प बसतील तर शपथ! "आत्या, तो व्हिलन आहे! त्याने किती माणसं मारली!" आत्या चष्मा पुसत म्हणायची, "मारली असतील. मी आत गेले तेव्हा रडत होता." मग मुलांनी तिला सुरुवात सांगायची, तिने मुलांना शेवटाचा अर्थ सांगायचा, असा तो वर्ग चालायचा.

सिनेमा नसेल त्या रविवारी खुर्च्यांखाली सापडलेल्या वस्तू असत. एका पायाची चप्पल, छत्री, एकदा तर कोणाची तरी कवळी. एका नव्या नवरीचं कानातलं शोधायला आत्याने बॅटरी घेऊन अख्खं थिएटर दुसऱ्यांदा झाडलं होतं, आणि शास्त्रातली बाई दिवा लावून, घर झाडून हरवलेलं शोधते तो दाखला सांगताना तिचा आवाज चढायचा. "बघा, शास्त्रात झाडूवाली आहे. तिकीटवाली नाही."

हा टोमणा दारात बसलेल्या तिच्या मैत्रिणीला असायचा. ती त्याच थिएटरच्या खिडकीत तिकिटं फाडायची, आमच्याच मंडळीतली होती, आणि दोघी एका डब्यात जेवायच्या. ती तिथूनच उत्तर द्यायची, "मत्तय कुठे बसायचा गं? जकातनाक्याच्या खिडकीत. येशूने झाडूवालीला नाही, त्याला बोलावलं आधी." मुलं खिदळायची. त्या दोघींची भांडणं ऐकायलाच आम्ही वेळेवर पोहोचायचो.

मग ते धुराचं झालं.

दुपारचा खेळ, थिएटर भरलेलं, आणि पडद्यामागच्या वायरींतून धूर निघाला. आग लागलीच नाही, पण धूर दिसल्यावर आगीची वाट कोण बघतं? लोक बाजूच्या दाराकडे धावले. दाराला कुलूप. तिकीटवाली खिडकी सोडून आत धावली, लोकांना मोठ्या दाराकडे वळवायला, आणि लोंढ्याखाली सापडली. सुदैवाने मेलं कोणी नाही. तिचा उजवा गुडघा मात्र कायमचा कामातून गेला.

बाजूच्या दाराने फुकटे शिरतात म्हणून ते कुलूप मॅनेजरने स्वतः लावलं होतं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली होती. आत्याने त्याला बजावलं होतं, "साहेब, आत माणसं असताना कुलूप नको." पण चौकशीत हा गृहस्थ छातीठोकपणे म्हणाला, "किल्ल्या झाडूवालीकडे असतात. तीच उघडते, तीच लावते." आत्याच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा लटकलेला सगळ्यांनी रोज पाहिलेला. फिनेलच्या कपाटाची, संडासांची, गच्चीची. त्यात ती एक किल्ली नव्हती, हे बघायला कोण गेलंय? आत्याची नोकरी गेली. मॅनेजरला पुढे बढती मिळाली. आजही ते आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, आणि ती विझावी अशी माझी इच्छाही नाही.

नोकरीचं आत्याला एवढं लागलं नाही. दुसऱ्या थिएटरने तिला घेतलं. पुन्हा झाडू, पुन्हा शेवट. पण ती दवाखान्यात भेटायला गेली तेव्हा तिकीटवालीने भिंतीकडे तोंड फिरवलं. "किल्ल्या तुझ्या कमरेला होत्या," एवढंच ती बोलली. नंतर आत्याने किती परींनी सांगून पाहिलं, व्यर्थ. त्या दिवसापासून एकीने चर्चमध्ये डावीकडचे बाक धरले, दुसरीने उजवीकडचे. दोघी एकाच मेजावरचं प्रभुभोजन घ्यायच्या आणि एकमेकींकडे बघायच्या नाहीत. आत्याचा वर्ग चालूच राहिला, पण दारातून कोणी तिला उलट बोलेना, आणि उलट बोलणारं कोणी नसलं की आत्या निम्मी व्हायची.

आणि गेल्या वर्षी एका रविवारी चर्चच्या दारात कोण उभं? तोच मॅनेजर. निवृत्त, बायको वारलेली, मुलगा परदेशी, साखरेने खंगलेला. आत यावं की न यावं अशा घोटाळ्यात पडून दाराची चौकट धरून उभा. मी मनात म्हटलं, आता आत्या उठेल आणि याची खरडपट्टी काढेल. आत्या उठली खरी. त्याच्याजवळ गेली आणि म्हणाली, "या साहेब. आत या." वर गीतांचं पुस्तक उघडून त्याच्या हातात दिलं! महिन्याभरात आमच्या नव्या पाळकांनी त्याला पहिल्या रांगेत खुर्ची दिली. शिकलेला माणूस, इंग्रजी चांगलं, मंडळीला शोभा येते. आत्या तीस वर्षं मुलांना शिकवतेय, तिला कधी खुर्ची दिली नाही कोणी.

ज्या रविवारी ती खुर्ची दिली त्याच दुपारी मी आत्याचं स्वयंपाकघर गाठलं. ती भांडी घासत होती.

"आत्या, तुला शेवट तेवढे बघायची खोड लागलीय. दारात कोणी रडवेला दिसला की झालं, घेतला पोटाशी!"

तिने पातेलं आपटलं. "बाकीच्यांचे शेवट पाहिले गं मी. हा माणूस मी पहिल्यापासून पाहिलाय. ती किल्ली खिशात टाकताना पाहिलाय. मला काय खुळी समजतेस?"

"मग?"

"मग काय? माफ केलं. एकदा करून भागत नाही. सकाळी करते, दुपारपर्यंत परत राग येतो, मग संध्याकाळी परत करते. लोणी नाही ते, की एकदा कढवलं आणि भरून ठेवलं."

यावर दुसरं कोणी गप्प बसलं असतं. पण मी दाताच्या डॉक्टरांकडे कामाला आहे. दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावणं हाच माझा धंदा. "कीड आत ठेवून वरून चांदी भरली तर दात ठणकायचा थांबत नाही, आत्या. येशूशेजारच्या वधस्तंभावरचा दरोडेखोर विसरलीस? तूच शिकवलंस आम्हाला. त्याने आधी कबूल केलं, आम्ही आमच्या केल्याची फळं भोगतोय म्हणून. मग येशूला म्हणाला, माझी आठवण ठेव. तुझा साहेब काहीच न बोलता सरळ पहिल्या रांगेत!"

आत्याचा हात थांबला. नळ तसाच वाहत राहिला, तो मीच बंद केला. ती म्हणाली, "माझं मी माफ केलं. पण गुडघा माझा नाही. तिला अजून वाटतं कुलूप मी लावलं. तिच्या वाटचं माफ करणारी मी कोण?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी त्याच्या घरी गेलो. पडदे ओढलेली खोली, टेबलावर गोळ्यांची पाकिटं, आणि भिंतीवर त्याचाच सत्कार होतानाचा मोठा फोटो. पूर्वी हा आत्याला "ए झाडूवाली" म्हणून हाक मारायचा. आता म्हणाला, "या ताई, बसा." आत्या बसली नाही. तिने आडपडदा न ठेवता सांगितलं, "साहेब, माझं काही नाही. पण तिला खरं सांगा. सगळ्यांसमोर सांगा, कारण खोटं सगळ्यांसमोर सांगितलंत."

तो रडला. खोटं कशाला बोलू, मलाही क्षणभर वाईट वाटलं. "माझ्याच खिशात होती, ताई. पोरगं शिकत होतं, नोकरी गेली असती माझी."

"हिची गेली," मी म्हणाले.

"येत्या रविवारी साक्ष देतो," तो म्हणाला. "सगळं सांगतो."

आमच्यात उपासनेच्या शेवटी ज्याला वाटेल तो पुढे येऊन साक्ष देतो, देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगतो. गोष्ट चांगली आहे, पण तिला एक वळण पडून गेलंय. पाप मोघम सांगायचं आणि कृपा तपशीलवार. "मी महापापी होतो" म्हटलं की पुरे. नेमकं काय केलं होतं, हे कोणी विचारत नाही, विचारणं असभ्य. आजवर मी असे कितीतरी महापापी ऐकलेत, पण एकाने शेजाऱ्याची भिंत हातभर आत ढकलली होती किंवा भावाला आईच्या अंत्यविधीचं कळवलं नव्हतं, असं काही कानावर आलेलं नाही. सगळे आपले मोघम पापी.

रविवारी तो पुढे गेला. पांढरा शर्ट, कडक इस्त्री. आवाज तर काय, जन्मभर खेळ सुरू व्हायच्या आधी सूचना देऊन कमावलेला! त्याने आजारपण सांगितलं, दवाखान्यातली खिडकी सांगितली, आपण जगात एकटे आहोत असं वाटलं तो क्षण सांगितला, आणि मग कोणीतरी खांद्यावर हात ठेवल्यासारखं झालं, तेही सांगितलं. "मी धुळीतला किडा होतो," तो म्हणाला. बायका डोळ्यांना पदर लावू लागल्या. मी किल्लीची वाट बघत होते. मुठी आवळून बघत होते. शेवटी तो म्हणाला, "माझ्या हातून कधी कोणाचं काही वाईट झालं असेल, तर प्रभूने ते धुऊन टाकलं आहे."

असेल तर! मला वाटलं, उठावं आणि ती पहिल्या रांगेतली खुर्ची उचलून बाहेर फेकावी. आणि चर्चभर "आमेन, आमेन" सुरू! पाळकांचे डोळे पाणावलेले. पेटीवाल्याने गीताचा सूरही धरला. तिकडे उजवीकडच्या बाकावर तिकीटवालीनेही "आमेन" म्हटलं. ज्याने तिचा गुडघा मोडला त्याच्यासाठी तिने आमेन म्हटलं, आणि तिला ते ठाऊकसुद्धा नव्हतं.

माझ्या शेजारी आत्या उभी राहिली.

"साहेब," ती म्हणाली, "त्या दिवशी बाजूच्या दाराची किल्ली कोणाकडे होती?"

पेटी थांबली. पाळक पुढे झाले. "बाई, ही वेळ नाही. साक्ष झालेली आहे."

"झालेली नाही," आत्या म्हणाली. तिने समोरच्या बाकाची पाठ धरली. "किडा वगैरे राहू दे, साहेब. किल्ली."

मी तिच्याकडे बघतच राहिले. थिएटरात कोणाला "पाय उचला" म्हणायलाही जी खाकरून आवाज काढायची, ती ही बाई.

मॅनेजरने पाळकांकडे बघितलं. त्यांनी नजर खाली घातली. मग त्याने आत्याकडे बघितलं, आणि त्याचा तो कमावलेला आवाज कुठल्या कुठे गेला. "माझ्याकडे," तो पुटपुटला.

"मोठ्याने सांगा," आत्या म्हणाली. "तिला ऐकू कमी येतं आता."

आत्याने हात केला तिकडे सगळ्यांच्या माना वळल्या. मॅनेजरही तिकडे वळला.

"कुलूप मी लावलं होतं. किल्ली माझ्या खिशात होती. या बाईंकडे नव्हती, कधीच नव्हती. चौकशीत मी खोटं बोललो."

या वेळी कोणी आमेन म्हटलं नाही. आत्या खाली बसली आणि पदराने तोंडावरचा घाम पुसू लागली. मॅनेजर तिथेच उभा होता. त्याला खुर्चीवर जाऊन बसायचंही सुचत नव्हतं, आणि खरं सांगते, मला त्याची दया आली नाही. आत्याला आली असेल. तिचं ती जाणे.

उजवीकडे काठी टेकल्याचा आवाज झाला. तिकीटवाली उठली होती. मधली वाट ओलांडायला तिला बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ गीत सुरू करायची कोणाची हिंमत झाली नाही. ती मॅनेजरकडे गेली नाही. आमच्या बाकाशी येऊन थांबली. आत्याने मान वर केली नाही.

"सरक," तिकीटवाली म्हणाली.

आत्या सरकली. मीही सरकले.

"अजून सरक. हा पाय दुमडत नाही माझा."