कामवाल्यांच्या यादीतले तात्या

गेटवर बारा तास बसलं की किस्से शोधायला लागत नाहीत, आपोआप साचतात. घरी सांगितले तर नवरा म्हणतो, "तू मनानं बनवून सांगतेस!" अरे बाबा, एवढं डोकं असतं तर गंगापूर रोडला सिक्युरिटीत बसले असते का?

आता सोसायटीत ॲप आलंय. कुणी आलं की आम्ही टॅबवर नाव टाकायचं, फोटो काढायचा. वरच्या माणसानं मोबाईलवर 'हो' दाबलं तरच आत सोडायचं.

* * *

पाचव्या मजल्यावर दोन बिऱ्हाडं समोरासमोर. एका मॅडमनी ॲपवर तक्रार टाकली, 'समोरच्यांच्या चपला पॅसेजमध्ये असतात.' तक्रार आली मला! लिफ्ट बंद. धापा टाकत वर गेले. म्हटलं, "मॅडम, समोरचं दार वाजवून सांगायचं ना!"

"अगं, ओळख नाही ना आमची!"

आठ वर्षं झाली शेजारी राहून. चपला मीच सरकवल्या.

* * *

भाऊबीजेला एक बाई नामपूरहून पहिल्या एसटीनं आल्या. भाऊ तिसऱ्या मजल्यावर. मी रिक्वेस्ट पाठवली. रोज दहा कुरिअर येतात, त्यानं न बघताच सवयीनं 'नको' दाबलं.

मी म्हटलं, "थांबा ताई, फोन लावते."

"राहू दे. त्याच्याच हातानं नको म्हटलंय ना?" बाईंनी पिशवीतून ताट काढलं, माझ्या जोडीच्या वॉचमनला, पवारभाऊला ओवाळलं आणि परतीची गाडी धरली.

दुपारी साहेब खाली आले. "माझी बहीण आली होती का?"

पवारभाऊ म्हणाला, "तुमचं माहीत नाही साहेब. माझी येऊन गेली!"

* * *

आता तात्या. दुसऱ्या मजल्यावरचे, रिटायर्ड मास्तर. बायको गेल्यावर मुलाकडे आले. सकाळी दूध आणायचे, नातीला स्कूलबसपर्यंत सोडायचे, जाता-येता माझ्याशी दोन शब्द बोलायचे. मुलगा अधूनमधून वृद्धाश्रमाचा विषय काढायचा. त्याचा तात्यांनी लय धसका घेतला होता. म्हणायचे, "मी कुणाला त्रास होऊ देत नाही गं. मग कशाला पाठवतील?"

एक दिवस मुलानं त्यांचं नाव ॲपवर कामवाल्यांच्या यादीत टाकलं. धुणंभांडीवाली, गाडी पुसणारा आणि त्यांच्याखाली तात्या, फोटोसकट!

मी म्हटलं, "साहेब, हे काय?"

"अहो, घरच्यांच्या यादीत आल्या-गेल्याचा मेसेज येत नाही. यात येतो. हजेरीपण लागते."

तात्या हसले. "चला, मास्तरची हजेरी लागली!" तळपायाची आग मस्तकात गेली ती माझीच.

* * *

महिनाअखेरीला ॲप विचारतं, कामाला किती स्टार? मुलानं यादीतल्या सगळ्यांना धडाधड तीन-तीन दिले. तात्यांनी ते टॅबवर बघितलं.

"दोन कुठं कापले असतील गं?"

दुसऱ्या दिवसापासून भाजीपण तेच आणायला लागले.

* * *

मग दूध-भाजी दहा मिनिटांत घरपोच यायला लागली. नात मोठी झाली, बससाठी एकटी खाली उतरू लागली.

एका रविवारी मुलानं गाडी गेटपाशी आणली. डिकीत तात्यांची बॅग. कुठं चाललेत ते मला विचारावं लागलं नाही. मुलगा गाडीत बसूनच त्यांचं नाव यादीतून काढत होता. नाव काढताना ॲप कारण विचारतं. चारपैकी एक दाबायचं, ते आमच्या टॅबवर येतं.

तात्या गाडीतून उतरून माझ्याकडे आले. "काय कारण दिलंय, बघू."

"नेट गेलंय, तात्या."

"खोटं बोलू नकोस." त्यांनी टॅब घेतला, चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं, "आता गरज नाही."

मला रडूच आलं. मुलानं हॉर्न दिला.

तात्यांनी बोटानं यादी वर सरकवली, वर्षभराची हजेरी काढली आणि टॅब माझ्यापुढे धरला.

"बघ. खाडा एकही नाही!"