दोनदा उगवलेला चंद्र

गावातल्या निम्म्या लोकांच्या पासपोर्टवरचा फोटो तिनं काढलेला होता. "हनुवटी जरा वर... डोळे मिटू नका..." हे सत्तावीस वर्षं म्हणून म्हणून तिचं नावच हनुवटीबाई पडलं होतं. तिला त्याचं काही वाटत नसे. पण दुकानातल्या पांढऱ्या पडद्यासमोर माणसं बसवून ती आता कंटाळली होती. एका संध्याकाळी शटर ओढताना टेकडीवरच्या पडक्या किल्ल्यामागून पौर्णिमेचा चंद्र वर आलेला दिसला आणि तिच्या मनानं घेतलं, हा फोटो काढायचाच. तोही दोन बुरुजांच्या मधोमध.

पुढच्या पौर्णिमेला ती थेट टेकडीच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिली. वर्तमानपत्रातली वेळ उलटून पाऊण तास झाला तरी चंद्राचा पत्ता नाही. एवढी टेकडी आडवी आल्यावर तो तरी काय करणार! आला तेव्हा पार अंधारलं होतं, आणि फोटोत किल्ला हा एवढा नि चंद्र तांदळाच्या दाण्याएवढा. शेजारच्या शिंप्यानं फोटो निरखून विचारलं, "किल्ल्यावर दिवा बसवला वाटतं?"

नवरा निवृत्त मोजणीदार. उभी हयात लोकांच्या जमिनी मोजण्यात गेलेली. तो म्हणाला, "अगं, चंद्र मोठा दिसायला हवा ना? मग किल्ला लहान कर. लांब जा." त्यानं जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला, पट्टी ठेवली आणि सहा किलोमीटरवरच्या पाण्याच्या टाकीवर पेन्सिल टेकवली. टाकीला चौऱ्याऐंशी पायऱ्या. तिथल्या पंप ऑपरेटरनं परवानगी दिली, पण "चंद्र गच्चीवरूनही दिसतो हो, बाई," असं सुनवायला तो विसरला नाही.

त्या पौर्णिमेला चंद्र वेळेवर आला, पण बुरुजांच्या चांगला उजवीकडे. नवऱ्याचा चेहरा पडला. "इंचाइंचावरून भांडणारे शेजारी मी गप्प केले, आणि एवढा मोठा चंद्र चुकला!" तीन दिवस त्याच्या घशाखाली घास नीट उतरेना. चौथ्या दिवशी तो आंघोळीहून ओल्या केसांनीच बाहेर आला. "तो सरळ चढतच नाही गं! तिरका चढतो. टेकडी ओलांडेपर्यंत उजवीकडे सरकतो!" तिनं आधी त्याच्या हातात टॉवेल दिला. केस पुसून त्यानं टाकीवरून चंद्र नेमका बुरुजांमधे येईल अशा पौर्णिमा नव्यानं मोजून काढल्या.

तिसऱ्या खेपेला ढगांनी घात केला. चौथ्या खेपेला आभाळ लख्ख होतं, पण नवऱ्याचा गुडघा सुजलेला. जिन्याच्या तोंडाशी उभं राहून त्यानं एकदा वर पाहिलं. "तू जा. मी बसतो खाली."

ती एकटीच चढली. आणि आला की! दोन बुरुजांच्या बरोब्बर मधे, तांबूस, थाळीएवढा. तिनं धडाधड अकरा फोटो काढले. बाराव्याला बोट थबकलं. ज्यानं हे सगळं मोजलं, तो खाली पंपघराच्या भिंतीआड बसला होता, तिथून चंद्र दिसतच नव्हता. कॅमेरा गळ्यात अडकवून ती धापा टाकत खाली आली.

"मिळाला?" त्यानं विचारलं.

"मिळाला. उठा, स्कूटरवर बसा."

"आता कशाला? तो वर आलासुद्धा."

"अहो, पायथ्याशी उशिरा उगवतो ना? मग आपण जवळ जाऊ. टेकडी उंच होईल, तो जाईल परत खाली."

त्यानं डोळे बारीक करून मनातल्या मनात आकडेमोड केली. "टेकडीच्या वाटेवरच्या नदीच्या पुलापर्यंत गेलो तर... जमेल! अगं, पळव लवकर!"

तिनं स्कूटर अशी दामटली, की त्यानं तिचे खांदे घट्ट धरले. समोर टेकडी वाढत चालली आणि चंद्र खरोखर खाली खाली जात किल्ल्याआड बुडाला. पुलावर पोचले तेव्हा टेकडीची कड नुसती उजळली होती. कठड्याला टेकून दोघं उभे राहिले. मिनिटभरानं पडक्या भिंतीवर एक ठिणगी दिसली, तिची कोर झाली, आणि चंद्र त्या संध्याकाळी दुसऱ्यांदा उगवला. कॅमेरा गळ्यातच राहिला.

त्यानं एक डोळा मिटून बुरुजाकडे पाहिलं. मग घसा खाकरून म्हणाला, "बुरुजापासून थोडा उजवीकडेच आहे."

"असू दे हो."

"नाही, पुलाचा हिशेब मी केलाच नव्हता."

तिला हसू आवरेना. मग त्यालाही.

टाकीवरचा फोटो दुकानात लागला. एक प्रत ऑपरेटरनं हक्कानं मागून नेली. पुढच्या पौर्णिमेला दुपारीच त्याचा फोन आला, "बाई, कुलूप उघडून ठेवू ना?"

"नको," ती म्हणाली. "आज आम्ही पुलावर. तुम्हीही या, येताना एक खुर्ची तेवढी आणा. यांचा गुडघा अजून दुखतोय."