रहेमतुल्ला पेंटरच्या छत्र्या

आमच्या मतदारसंघाचे आकडे मला तोंडपाठ आहेत. नव्वद साली भगवंतराव अपक्ष उभे राहिले आणि दोन हजार तीनशे मतांनी पडले. पंचाण्णवला चार हजार एकशे बारा मतांनी निवडून आले, नव्याण्णवला अठराशे सत्तरने. दोन हजार चारला सहाशे त्रेचाळीस मतांनी पडले आणि परत कधी उभे राहिले नाहीत. झाली कारकीर्द. पंधरा वर्षं चार ओळींत बसतात आणि पेपरवाल्यांना तेवढ्यावर समाधान असतं. पण हे आकडे ज्याच्या हातून घडले आणि ज्याच्या हातून बिघडले, त्या माणसाचं नाव कुठल्याही पेपरात आलं नाही. याचा मला अजून राग येतो. तो माणूस म्हणजे आमच्या जानेफळचा रहेमतुल्ला पेंटर.

मी शाळामास्तर. माझं घर त्याच्या घराला लागून, म्हणून त्याचं सगळं मला ठाऊक. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची गुलाबाची फुलं, शाळेच्या भिंतीवरचे नकाशे, सगळं तोच रंगवायचा. श्रीलंका जरा मोठी काढायचा. मी चूक दाखवली की म्हणायचा, "गुरुजी, खाली जागा उरली होती."

नव्वद साली भगवंतराव त्याच्या ओसरीवर आले तेव्हा मी तिथंच बसलो होतो. डोणगाव रस्त्यावरच्या मळ्यात कापूस पिकवणारा पस्तिशीतला माणूस, अंगात सुती सदरा, मागे चारच पोरं. हातात चिन्हाचा छापील कागद होता. रहेमतुल्लाने तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "भाऊ, हे छत्री हाय का मेलेलं वटवाघूळ?"

"छत्री हाय बे. सरकारनं देल्ली."

"सरकारची राहू द्या. मी माही काढतो."

आणि त्याने स्वतःची छत्री काढली. काळीभोर, ताणलेली, आठ काड्या मोजून घ्याव्यात अशा, आणि लालबुंद मूठ. बाकीचे पेंटर चुन्यात नीळ नाहीतर गेरू कालवून भिंती रंगवायचे. निवडणूक संपली की दोन पावसात सगळं साफ. रहेमतुल्लाने पहिल्या दिवसापासून ऑइल पेंट वापरला. भगवंतरावांनी खर्चाबद्दल कुरकुर केली तर म्हणाला, "चुन्यातलं निवडणुकीसंगं जाते भाऊ. माहं राह्यते."

पहिली भिंत कौशल्याबाईंची. वेशीजवळ त्यांचं घर आणि मागे पाच एकर कापूस. सायकलला शिडी बांधून रहेमतुल्ला निघायचा, त्याची बायको अमीनाभाभी भाकरी आणि ठेचा बांधून द्यायची, आणि महिनाभर तो गावोगाव छत्र्या उघडत फिरायचा. तीन निवडणुकांत दीडशेच्या वर भिंती झाल्या. भगवंतरावांनी तीनदा छत्री मागितली आणि तीनदा ती त्यांना मिळाली. पुढे पुढे लोक त्यांचं नावही घेईनासे झाले. "छत्रीवाला आला काय?" असंच विचारायचे.

काय दिवस होते ते! पंचाण्णवला निकाल लागला तेव्हा भगवंतराव गुलालाने माखलेले, जीप सोडून चालत आमच्या गल्लीत आले. मिरवणूक चौकात थांबवून ठेवलेली. रहेमतुल्लाच्या ओसरीवर बसून त्यांनी अमीनाभाभीच्या हातचा चहा बशीत ओतून प्यायला आणि म्हणाले, "पेंटर, भाषणं मी केली, पन वाचलं लोकाईनं तुलेच." नव्याण्णवलाही तसंच. ईदेला तर दरवर्षी येणं ठरलेलं. आमदार झाल्यावरही ते चहा बशीतूनच प्यायचे. त्या ओसरीवर मला जेवढं बरं वाटायचं तेवढं शाळेतही कधी वाटलं नाही.

मग बीटी कापूस आला. त्याच्याबरोबर बियाण्यांच्या जाहिराती आल्या आणि रहेमतुल्लाला बारा महिने काम मिळालं. छत्रीशेजारी आता फुटलेलं पांढरं बोंड आणि खाली "अळीची काळजी सोडा". पहिल्या वर्षी लोक खूश होते. दुसऱ्या वर्षी आमच्या पट्ट्यात ऐन बोंडं भरण्याच्या वेळी झाडं उभ्या उभ्या वाळली. अळी नव्हती हे खरं, पण बोंडंही नव्हती. कौशल्याबाईंनी वाळलेलं झाड मुळासकट उपटलं आणि भगवंतरावांच्या अंगणात आणून टाकलं. "आमदार हायेस ना? मंग ने हे नागपूरले अन् दाखव."

भगवंतरावांनी ते खरंच नेलं. वर्तमानपत्रात गुंडाळून हिवाळी अधिवेशनात नेलं. परत आले ते थेट रहेमतुल्लाच्या ओसरीवर. खांबाला टेकून बसले. मग म्हणाले, "दोन मिनिटं भेटली रे. कागद सोडला, झाड वर केलं, अन् घंटी वाजली. अपक्षाले दोनच मिनिटं."

त्याच वर्षी ते मोठ्या पक्षात गेले. लोक काहीबाही बोलले. मला विचाराल तर ते त्या दोन मिनिटांमुळे गेले. पक्षात गेल्यावर महिन्याभरात पंचनामे सुरू झाले, हे मी स्वतः पाहिलं आहे. नुकसानीचे कागद भरायला मीच बसलो होतो.

दोन हजार चारची निवडणूक आली. भगवंतरावांना पक्षाचं चिन्ह मिळालं. मोकळी झालेली छत्री खामगावकडच्या कुणा अपक्षाने उचलली. तो आमच्या गावांत फिरकलाही नाही. पक्षाच्या निरीक्षकाने गाडीतून गावं पाहिली आणि कपाळावर हात मारला. जिकडे तिकडे छत्र्या! भगवंतराव ओसरीवर आले, पण बसले नाहीत.

"रहेमत, पुसाव लागते रे."

"हाव भाऊ."

एवढंच बोलणं झालं. ऑइल पेंट काढायचा म्हणजे रॉकेल, तारेचा ब्रश आणि खरवडून खरवडून खालचा गिलावा उघडा करायचा. पेंटरच्या जातीला हे सांगायला लागत नाही. ऑइल पेंटवर चुना धरत नाही हेही त्याला लहानपणापासून ठाऊक. तरी रहेमतुल्लाने बादलीत चुना कालवला, त्यात थोडा डिंक टाकला, आणि दीडशे भिंतींवर पांढरे पट्टे मारले. वर पक्षाचं नवं चिन्ह काढलं, तेही चुन्याच्याच रंगात. मी विचारलं, "पेंट काऊन नाही वापरला?" तर म्हणाला, "दिवस कमी हायेत गुरुजी." मला ते खरं वाटलं.

मतदानाला आठ दिवस राहिले असताना परतीचा पाऊस आला. तीन दिवस धो धो. चौथ्या दिवशी सकाळी मी वेशीकडे गेलो तर कौशल्याबाईंच्या भिंतीवरून पांढरे ओघळ खाली आलेले, नवं चिन्ह कुठल्या कुठे, आणि मधोमध ती छत्री, धुऊन पुसून काढल्यासारखी लख्ख. गावोगाव तेच. पोरं हसून लोळली, "पाऊस आला, छत्री उघडली!" रहेमतुल्ला परत बादली घेऊन पळाला. पण ओल्या भिंतीवर काय चिकटणार?

मतदानाच्या दिवशी आम्ही दोघं केंद्रापासून लांब, पक्षाच्या मंडपात चिठ्ठ्या वाटत बसलो होतो. मी तेव्हा नुकताच निवृत्त झालो होतो, म्हणून मोकळा. कौशल्याबाई मत देऊन आल्या. बोटावरची शाई दाखवत रहेमतुल्लाच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाल्या, "लावलं बाप्पा तुह्या छत्रीले! माहं झाड नेलं होतं त्यानं नागपूरले. मी कसं इसरीन?"

रहेमतुल्लाचा चेहरा उतरला. माझाही उतरला असणार. त्या बाईला काय सांगणार? मत देऊन झालं होतं. त्यानंतर दिवसभरात अशा कितीतरी म्हाताऱ्या आल्या. प्रत्येकीने मोठ्या अभिमानाने तेच सांगितलं.

निकाल तुम्हाला सांगितलाच आहे. सहाशे त्रेचाळीसने पडले. त्या न फिरकलेल्या छत्रीवाल्याला तीन हजार नऊशे आठ मतं पडली. त्या दिवशी भगवंतराव ओसरीवर आले नाहीत, आणि पुढे ईदेलाही आले नाहीत.

आठवड्याने रहेमतुल्ला माझ्याकडे आला आणि खाली मान घालून बोलला. "गुरुजी, दिवस पुरत होते. दोन मानसं लावून खरवडता आलं असतं. एका भिंतीवर ब्रश घासून पाह्यला. मुठीचा लाल रंग निंगाला अन् हात थांबला. मंग नाही जमलं. मले माहीत होतं चुना नाही टिकनार. मी भाऊले पाडलं. आता मी जाऊन सांगतो."

मी काय केलं? मी त्याला अडवलं. आयुष्यभर पोरांना खरं बोलायला शिकवणारा मी त्याला म्हणालो, "कशाला जखमेवर मीठ चोळतोस? त्यांना वाटतं पावसानं केलं, तर वाटू दे." मला तेव्हा ते फार शहाणपणाचं वाटलं होतं.

मग तो गप्प राहिला. भगवंतराव बाजाराला आले की रहेमतुल्ला दुसऱ्या गल्लीने जायचा. नंतर मतदारसंघांची नवी आखणी झाली, आमची गावं इकडची तिकडे गेली, आणि भगवंतरावांचं राजकारण आपोआप मिटलं. फ्लेक्स आले. रहेमतुल्लाच्या पोराने, वकारने, मेहकरला फ्लेक्सचं यंत्र टाकलं. बापाने महिन्यात रंगवल्या असत्या तेवढ्या छत्र्या ते यंत्र दुपारपर्यंत ओकायचं. रहेमतुल्ला ओसरीवर नुसता बसून असायचा. ती ओसरी सुनी पाहून माझाही जीव तुटायचा, पण सल्ला माझाच होता, त्यामुळे बोलायला तोंड नव्हतं.

दोन हजार बारा साली भगवंतराव अंथरुणाला खिळल्याचं कळलं. मी पुन्हा टाळाटाळ करत होतो. अमीनाभाभीने मात्र नवऱ्याच्या पुढ्यात चपला आणून ठेवल्या. "जाओ. नहीं तो मैं जाके बोल देती."

आम्ही दोघं गेलो. मळ्यातल्या घरी खाटेवर भगवंतराव पडलेले, निम्मे झालेले. रहेमतुल्ला उभ्यानेच बोलायला लागला. ब्रश, लाल मूठ, चुना, सगळं सांगून टाकलं. शेवटी म्हणाला, "मीच पाडलं भाऊ तुमाले." मीही तिथंच कबूल केलं की याला आठ वर्षं गप्प मीच बसवलं.

भगवंतरावांनी खाटेची कड थोपटली. मग म्हणाले, "बस बे खाली. आता माहं आयक. त्या दिवशी सकाळी सातले पयलं मत देल्लं मी. यंत्रापुढं उभा राह्यलो. छत्री दिसली. बोट गेलं. आवाज झाला तवा ध्यानात आलं का मी सोतालेच मत नाही देल्लं."

रहेमतुल्ला खाटेच्या कडेला टेकला. "चुकून, भाऊ?"

"तेच तं सोताले इचारून राह्यलो आजलोक."

मला हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. ते मत जागेवर पडलं असतं तरी सहाशे बेचाळीसने पडले असते. पण मी ते बोललो नाही. एवढी अक्कल मला आठ वर्षांत आली होती.

"मंग आले काऊन नाही तुमी? ईदेले अमीना दरसाल एक कप जादा ठेवे."

"कोन्त्या तोंडानं येऊ? तुह्या छत्र्या पुसाले मीच सांगतलं, अन् माहं मत छत्रीलेच. मले वाटे तू माह्यावर रागावला म्हनून बाजारात तोंड चुकवतं."

दोघंही रडले. मीही रडलो, पण माझं रडणं वेगळं होतं. मी एकदा तोंड मिटून घेतलं असतं, तर रहेमतुल्ला निकालानंतर आठव्याच दिवशी या मळ्यात आला असता.

त्यानंतर रहेमतुल्ला रोज सायकलने मळ्यात जायचा. जाताना अमीनाभाभीचा चहा किटलीत न्यायचा. एकोणीस दिवस गेला. विसाव्या दिवशी भगवंतराव वारले. आठ वर्षांच्या बदल्यात एकोणीस दिवस मिळाले. रहेमतुल्ला म्हणतो, तेवढे पुरले. माझं समाधान करायला म्हणतो, हे मला कळतं.