चालटाची जीभ

फॉर्मॅलिनचा वास आला की मला प्राणिशास्त्राच्या एमएस्सीची तोंडी परीक्षा आठवते. सोलापूरच्या आमच्या कॉलेजात सरांनी बरणीतला चालट मासा माझ्यासमोर धरला.

"कुठल्या गटातला?"

"हाडजिभ्या माशांच्या, सर. याच्या जिभेवर दात हायेत." घाबरले की माझ्या तोंडी घरची बोली यायची.

"चूक. हिलशाच्या गटातला."

"उजनी धरणावर बाप हाच मासा धरतो, मी साफ करते की. बोटाला लागतात."

"मग मासेच साफ करत बसा," सर म्हणाले. सगळे हसले. मी नापास झाले.

सरांचं पुस्तक जुनं होतं, त्यात चालट हिलशाच्या गटात घातला होता, हे आता कळतं. ते हसणं मात्र विसरता येत नाही. आज त्या विभागाची प्रमुख मी आहे. बरणीवर त्यांनी चिकटवलेली, 'हिलशाचा गट' लिहिलेली चुकीची चिठ्ठी मी मुद्दाम ठेवली आहे. दरवर्षी मुलांना त्या जिभेवर बोट फिरवायला लावते आणि मग चिठ्ठीखालची सरांची सही मोठ्यानं वाचायला सांगते.